ग्रंथालयसेवा, दिव्यांगांसाठी (खानदेश)

दृष्टी, श्रवण किंवा हालचाल यांत मर्यादा असलेल्या वाचकांना सार्वजनिक ग्रंथालयात प्रवेश करता यावा आणि ग्रंथ त्यांना वाचता येतील अशा स्वरूपात मिळावेत, यासाठी करावयाची व्यवस्था. जळगाव व धुळे या जिल्ह्यांत (पूर्वीचे पूर्व व पश्चिम खानदेश) वाचनालयांची परंपरा जुनी आहे. तथापि या व्यवस्थेचा विचार तेथे, महाराष्ट्रात इतरत्र झाला तसाच, उशिरा झाला.

धुळ्याचे गरुड वाचनालय व जळगावचे वल्लभदास वालजी (व. वा.) वाचनालय ही खानदेशातील प्रमुख ग्रंथालये होत. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालये अधिनियम १९६७ मध्ये संमत झाला आणि अशा लोकसंस्थांना शासकीय अनुदानाचा पाया मिळाला. अनुदानासाठी ग्रंथालयांचे ‘अ’ ते ‘ड’ असे वर्ग पाडण्यात आले. ग्रंथसंख्या, नियतकालिके, वर्गणीदार इ. बाबी त्यासाठी विचारात घेतल्या जातात. जो वाचक पायऱ्या चढू शकत नाही किंवा ज्याला छापील अक्षर दिसत नाही, त्याची उणीव या मोजणीत दिसून येत नाही.

लूई ब्रेल (१८०९–५२) याच्या सहा टिंबांच्या लिपीमुळे अंधांना स्वतः वाचणे शक्य झाले. मुंबईत विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंधांसाठी शाळा निघाल्या. १९५१ मध्ये भारतीय भाषांसाठी सामाईक ‘भारती ब्रेल’ लिपी स्वीकारण्यात आली व मराठी ग्रंथांच्या ब्रेल मुद्रणास निश्चित आधार लाभला. परंतु ब्रेल ग्रंथ आकाराने फार मोठे होतात. एका सामान्य कादंबरीचे अनेक खंड भरतात. त्यामुळे लहान वाचनालयास त्यांचा संग्रह करणे अवघड जाते. अंधांसाठीचे साहित्य टपालाने विनाशुल्क पाठविण्याची सवलत असल्यामुळे शहरातील संग्रहातून दूरच्या गावी ग्रंथ पोहोचविण्याचा एक मार्ग उपलब्ध झाला.

श्राव्य ग्रंथ हा दुसरा मार्ग होय. श्रवणातून येणारे साहित्य खानदेशास अपरिचित नाही : निरक्षर असलेल्या बहिणाबाई चौधरींच्या मौखिक रचना इतरांनी लिहून घेतल्या व १९५२ मध्ये त्या ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाल्या. श्राव्य व ब्रेल प्रती तयार करण्यात प्रताधिकाराची अडचण होती. २०१२ च्या दुरुस्तीने भारतात ती बरीच दूर झाली. याच हेतूने २०१३ मध्ये झालेला माराकेश करार सर्वप्रथम भारताने २०१४ मध्ये अनुसमर्थित केला. २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे आंतरजालावरील ग्रंथालय सुरू झाले. नोंदणीकृत वाचकास त्यातून घरबसल्या ग्रंथ मिळतात.

इमारतींविषयीचे बंधन ग्रंथालय कायद्यातून नव्हे, तर अपंग व्यक्तींविषयीच्या कायद्यांतून आले. १९९५ च्या अधिनियमाची जागा घेणाऱ्या २०१६ च्या अधिनियमाने विद्यमान सार्वजनिक इमारती, नियम जाहीर झाल्यापासून पाच वर्षांत सुगम करण्याचे बंधन घातले. नियम २०१७ मध्ये आले. सुगमतेची मानके केवळ मार्गदर्शक न राहता बंधनकारक असावीत, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये दिला.

जळगाव येथे दीपस्तंभ संस्थेच्या ‘मनोबल’ प्रकल्पात दिव्यांग विद्यार्थी स्पर्धा परीक्षांची तयारी करतात. त्यांना लागणारे ग्रंथ मनोरंजनाचे नसून उपजीविकेचे साधन आहेत. उतरता मार्ग, खाली ठेवलेली कपाटे, वाचून दाखविणारा मदतनीस आणि सुगम्य पुस्तकालयात नोंदणी करून देणारा ग्रंथपाल एवढ्या सोयी गावच्या वाचनालयासही आवाक्यातल्या आहेत. अनुदानाच्या निकषांत त्यांना स्थान मिळाल्यास, आज घरापर्यंत पोहोचू शकणारा ग्रंथ आणि ग्रंथालयापर्यंत पोहोचू न शकणारा वाचक यांतील विसंगती कमी होऊ शकेल.