घरची बेगमी

‘बेगमी’ हा शब्द आपण फारसीतून घेतला. ‘बे-गम’ म्हणजे ज्याला चिंता नाही असा. पावसाळ्याची बेगमी, वर्षाची बेगमी असे आपण म्हणतो, तेव्हा धान्याचा साठा आणि मनाची निश्चिंती या दोन्ही गोष्टी एकाच शब्दात बांधून टाकतो. या दोन गोष्टी खरोखरच एक आहेत काय, हे इतिहासाला विचारून पाहण्याजोगे आहे. राजांच्या कोठारांविषयी आपण पुष्कळ ऐकले आहे. दामाजीपंतांची कथा कोणास ठाऊक नाही? येथे विचार करावयाचा आहे तो साध्या कुणब्याच्या घराचा.

देशावरच्या घराने सर्वांत मोठी धास्ती घेतली ती अवर्षणाची. त्यामुळे त्या घराची रचनाच धान्याभोवती झाली. शेणाने लिंपलेल्या कणग्या, आतल्या अंधारात बांधलेले बळद आणि जमीन कोरडी व घट्ट असेल तेथे पेव. पेवाचे तोंड लहान, पोट मोठे. आतून कडबा किंवा भुसा लावून ज्वारी भरावयाची आणि तोंड दगडमातीने बंद करावयाचे. आतली हवा धान्याच्याच श्वसनाने दूषित होते, कीड जगत नाही आणि ज्वारी कित्येक वर्षे टिकते. पेव उघडल्यावर प्रथम दिवा खाली सोडीत. तो विझला तर माणसाने उतरावयाचे नाही, हा धडा शाळेत न जाता शिकलेला होता.

या बेगमीची कसोटी १८७६ साली लागली. पाऊस गेला आणि दुष्काळ १८७८ पर्यंत रेंगाळला. पेव एका वाईट वर्षासाठी पुरेल, पण ते भरलेले असेल तर. सारा रोख भरावयाचा, सावकाराचे देणे द्यावयाचे, म्हणून सुगीचे धान्य घरात मुरण्यापूर्वीच बाजारात जात होते. पुण्याच्या सार्वजनिक सभेने त्या काळी जिल्ह्याजिल्ह्यांतून माहिती गोळा करून सरकारपुढे गाऱ्हाणे मांडले, त्याचे कारण हेच की एकट्या घराच्या शहाणपणाने हा प्रश्न सुटण्यासारखा नव्हता. पुढे दुष्काळसंहिता झाली; स्वराज्यात, १९७२ च्या दुष्काळातून, रोजगार हमीची कल्पना बळावली. बेगमी घरातून सार्वजनिक व्यवस्थेत आली, ही या कथेतील चांगली बाजू होय.

परंतु दुसरी बाजूही आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात शिरला. धान्य तेथे उंदीर, आणि उंदीर तेथे त्याच्या अंगावरची पिसू. १८९८ साली कराचीत सिमाँ या फ्रेंच वैद्याने पिसूचा हा संबंध दाखविला. तो सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे लागली. तोपर्यंत सरकारी पथके घरात शिरून सामान बाहेर काढीत होती, माणसांना छावण्यांत नेत होती. खेड्यातील लोकांनी मात्र अनुभवाने एक खूण ओळखली : आधी उंदीर पडतात, मग माणसे. उंदीर पडू लागले की गाव सोडून रानात झोपड्या घालावयाच्या, ही रीतच पडून गेली. ज्या कणगीने दुष्काळात घर जगविले, तिच्यापासूनच आता पळावे लागले.

याहून कठोर उदाहरण ३० सप्टेंबर १९९३ चे. लातूर आणि तेव्हाचा उस्मानाबाद या जिल्ह्यांत पहाटे चारच्या सुमारास भूकंप झाला आणि हजारो माणसे झोपेतच गेली. किल्लारीच्या परिसरातील घरांना मातीत बसविलेल्या गोट्यांच्या जाड भिंती होत्या आणि वर माळवद. उन्हाला, चोराला, आगीला हे घर दाद देत नसे. माळवद गळू नये म्हणून पावसाळ्यापूर्वी त्यावर मातीचा नवा थर घालीत. ही खरीखुरी बेगमी. पण दर थराबरोबर डोक्यावरचा भार वाढत होता. भिंतीच्या आतल्या आणि बाहेरच्या पदरांना सांधणारे आरपार दगड नव्हते. हादऱ्यासरशी ते पदर सुटले आणि माती खाली आली. छप्पर लाकडी खांबांवर तोललेले होते अशी काही घरे भिंती पडूनही उभी राहिली आणि हलक्या झोपड्यांतील माणसे वाचली.

सूचना मिळाली नव्हती असेही नाही. आदल्या वर्षीच्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात तेथे लहान धक्के बसले होते. पण शास्त्राच्या नकाशातही तो प्रदेश सर्वांत कमी धोक्याचा मानलेला होता. १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाने दख्खनचा खडक अचल नाही हे दाखविले होते. तो धडा मराठवाड्याच्या माळवदापर्यंत पोहोचला नव्हता. पुढे जुन्या घरांच्या बळकटीसाठी सांगितलेले उपाय किती साधे होते पाहा : माळवदावरची माती कमी करावी, भिंतीत आरपार दगड घालावेत, कोपरे एकमेकांत बांधावेत.

यावरून बेगमी व्यर्थ आहे असे कोणी समजू नये. पेव बांधणारा आणि माळवद लिंपणारा माणूस अडाणी नव्हता. त्याला ठाऊक असलेल्या संकटापुरता तो पुरता शहाणा होता. पण प्रत्येक घर मागच्या संकटासाठी सज्ज असते. कृष्णाकाठी हरिपूरच्या मातीत हळदीची पेवे पिढ्यानपिढ्या भरली गेली. २००५ च्या महापुराचे पाणी त्यांत शिरले, तेव्हा जमिनीखालची जागा सर्वांत सुरक्षित हा नियम त्या दिवसापुरता खोटा ठरला.

म्हणून घरात काय साठविले आहे, एवढ्यावर थांबता येत नाही. जे साठविले, जे बांधले, ते कोणत्या प्रसंगी आपल्याच अंगावर येईल, हेही दर पिढीने एकदा विचारले पाहिजे. पेव उघडताना आपले पूर्वज आधी दिवा सोडीत. स्वतःच्या साठ्याविषयीचा तो संशय हाही बेगमीचाच भाग होता, आणि जपून ठेवण्यासारखा होता.