वासुदेव आला म्हणजे कोण आलं?

कानातले हेडफोन काढू नका. गंगापूर रोडवरच्या गॅलरीत, रात्री उशिरा, तुम्ही 'ब्लॅक सॅबथ' ऐकत बसला आहात. 1970 सालच्या या रेकॉर्डची गंमत तुम्हाला ठाऊक आहे: बँडचं नाव ब्लॅक सॅबथ, रेकॉर्डचं नाव ब्लॅक सॅबथ आणि पहिल्याच गाण्याचं नावही ब्लॅक सॅबथ. पुढे 1980 मध्ये आयर्न मेडननंही बँड, रेकॉर्ड आणि एक गाणं यांना एकच नाव दिलं. गाणं सुरू होतं ते पावसानं, गडगडाटानं आणि लांबून येणाऱ्या घंटेनं. डोळे मिटा आणि टोल मोजा. एक. दोन. तिसरा जरा वेगळा वाटला ना? तो गोदावरीच्या पलीकडून, पंचवटीतल्या देवळातून आला.

उघडा आता डोळे. किती वर्षं मागे आलात ते विचारू नका. गल्लीत विजेचा एकही दिवा नाही, एवढं पुरे. पायाखाली दगडी फरसबंदी आहे, गारठ्यानं ओली झालेली. मार्गशीर्षातली नाशिकची थंडी हाडात शिरते, तेव्हा अंगावरची शाल नीट ओढून घ्या. नाकात कोळशाचा, चिंचेच्या कोळाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास भरला असेल, तर तुम्ही तांबट आळीत आहात. दिवसभराची ठोकाठोक थांबली आहे. एका वाड्याचा दरवाजा मात्र सताड उघडा आहे, आणि आतून संबळ वाजतोय.

आत शिरा. कुणी अडवणार नाही, लग्नघर आहे. काल लग्न लागलं, आज देवीचं देणं फेडायचं. वाड्याच्या चौकात आणखी एक चौक भरला आहे: पाटावर कोरं खणाचं कापड, त्यावर गहू, गव्हावर तांब्याचा कलश, कलशावर नारळ, आणि भोवती पाच उसांचा मंडप. माणसं दाटीवाटीनं बसली आहेत. ओसरीवर बायका, पायऱ्यांवर पोरं, दोघं-तिघं तर थेट जिन्याच्या कठड्यावर. ऊद, झेंडू, करपलेलं तेल, स्वयंपाकघरातून येणारा पुरणाचा वास. शाल खांद्यावरून उतरवावीच लागेल, कारण दिवटी तुमच्यापासून चार हातांवर आहे.

ती दिवटी जवळून बघा. दांड्याच्या टोकाला चिंध्या घट्ट गुंडाळल्या आहेत. घरधनी बुधलीतून तिच्यावर तेल ओततो, आणि दर धारेसरशी ज्योत फुरफुरून हातभर वर जाते. एक थेंब तुमच्या मनगटावर उडाला. चटका बसला, पण कुणाला सांगू नका. इथं त्याला देवीचा प्रसादच म्हणतील.

गाणारे चौघं आहेत. नाइकाच्या अंगात घोळदार अंगरखा आणि गळ्यात कवड्यांची माळ. एकाच्या कमरेला संबळ, दुसऱ्याच्या हाती तुणतुणं, तिसऱ्याकडे झांज. नाईक एकेका देवीला तिच्या गावाच्या नावानं हाक मारतो: तुळजापूरची, कोल्हापूरची, माहूरची, आणि मग घरची, वणीच्या गडावरची सप्तशृंगी. तिचं नाव येताच ओसरीवरचे सगळे हात एकदम जोडले जातात. तुमचेही जोडले गेले, कळलं का?

शेजारच्या आजींना हळूच विचारा, "आजी, हे गाणं कोणतं?"

"गोंधळ."

"आणि आज इथं काय आहे?"

"गोंधळ."

"गाणारे कोण?"

"गोंधळी. तू कुणाकडचा रे बाळा? कधी गोंधळ बघितला नाहीस?"

गप्प बसा. आख्यान सुरू झालं आहे, आणि नाइकाचा साथीदार त्याला असे काही तिरपे प्रश्न विचारतोय की जिन्यावरची पोरं हसून हसून खाली घसरायला आली आहेत.

पहाटे कधीतरी ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीवर तुमचा डोळा लागतो. जाग येते ती कुडमुड्याच्या आवाजानं. दिंडीच्या फटीतून बघा: बाहेर गल्लीत एक कंदील हलतोय. पिंगळा आला. पिंगळा हे लहानशा घुबडाचं नाव. त्या पाखराची बोली ज्याला कळते आणि त्यावरून जो भविष्य सांगतो, तोही पिंगळाच. बाहेर पडू नका, तो अंधारात बोलतो तेच बरं वाटतं. घरातली म्हातारी माणसं अंथरुणात उठून बसली आहेत. कुणी काही विचारत नाही, सगळे नुसते ऐकतात.

आणि मग झुंजूमुंजू होताना तो येतो, ज्याच्यासाठी मी तुम्हाला इथवर आणलं.

आधी चिपळ्या, मग टाळ, मग पायातले घुंगरू. "वासुदेव आला!" गल्लीतली पोरं पांघरुणं टाकून धावतात. डोक्यावर मोरपिसांची उंच टोपी, वर पितळी कळस. टोपी म्हातारी झाली आहे. मधली काही पिसं झडली आहेत आणि तिथं नवी खोचली आहेत. जुन्यांचा निळा फिका, नव्यांचा लखलखीत. ही त्याच्या बापाची टोपी असणार, कदाचित आजाचीही. कमरेच्या शेल्यात पावा. तो स्वतःभोवती गिरकी घेतो तेव्हा पिसांवरचं दव तुमच्या तोंडावर उडतं.

"वासुदेव आला" म्हणजे माणूस आला की गाणं आलं? इथं हा प्रश्नच कुणाला पडत नाही. ज्ञानदेव-नामदेवांनी वासुदेवाची रूपकं लिहिली. एकनाथांनी वासुदेव, पांगुळ, बाळसंतोष, जोगी, गोंधळ या साऱ्यांना आपल्या भारुडांत घेतलं. दारात येणाऱ्याचं नाव पदाला मिळालं, आणि तीच पदं पुन्हा दारात गायली गेली. लंडन-बर्मिंगहॅमच्या त्या बँडवाल्या पोरांनी बँडला आणि गाण्याला एकच नाव दिलं, तेही मला आवडतंच. पण तिथं नाव त्यांनी स्वतः निवडलं होतं. इथं नाव आधीपासून उभं आहे, माणूस जन्माला येऊन त्यात शिरतो, टोपीत शिरावा तसा. याचं मला अपार कौतुक वाटतं आणि तितकंच वाईटही वाटतं. शेकडो वर्षं ही माणसं आपल्याला जागं करत आली, आणि त्यांतल्या एकाचंही घरचं नाव आपण विचारलं नाही.

तुमच्या काळात या शहराचंही असंच झालं आहे. केरळात, मंगळुराकडे, एखाद्या मिरवणुकीत ढोल घुमतो. वाद्य कोणतं? नाशिक ढोल. वाजवतंय कोण? नाशिक ढोल. वाजवणारी पोरं तिथलीच असतात, गोदावरी त्यांनी कधी पाहिलेली नसते.

पण तुम्ही इकडे लक्ष द्या. घरच्या सुनेनं सुपातून जोंधळे आणले आहेत. नुकतीच आलेली, हिरवा चुडा अजून हातांना जड होतोय. ती झोळीत दाणे ओतते. वासुदेव दान पावल्याची ललकारी देतो, गावोगावच्या देवांना एकेक करून ते पोचवतो, पावा ओठांना लावतो आणि गिरकी घेऊन पुढच्या दाराकडे वळतो.

धावा त्याच्यामागे. गल्ली संपायच्या आत गाठा. धाप लागली तरी चालेल.

"बाबा, तुमचं नाव काय?"

तो हसतो. "वासुदेव."

"ते कळलं. पण घरचं? आईनं ठेवलेलं?"

तो थांबतो. टाळ शांत होतात. तुमच्याकडे जरा निरखून बघतो आणि मग सांगतोही. ओठ हलताना तुम्हाला स्पष्ट दिसतात. पण त्याच क्षणी मागच्या दुकानात सकाळची पहिली हातोडी तांब्यावर पडते, मग शेजारची, मग तिच्या पलीकडची, आणि अख्खी तांबट आळी ठणठणायला लागते.