बोटीचं तिकीट कोणी काढलं?

मार्चमध्ये माझा ॲबस्ट्रॅक्ट युरोपातल्या एका कॉन्फरन्ससाठी स्वीकारला गेला. पोस्टर नाही, चक्क पंधरा मिनिटांचं व्याख्यान! लॅबमध्ये सगळ्यांना मिसळ खाऊ घातली आणि रात्री हिशोब मांडायला बसले. नोंदणी शुल्क, विमान, व्हिसा, विमा, चार रात्रींचं हॉस्टेल. आकडा दीड लाखाच्या आसपास गेला. सीनियर रिसर्च फेलो म्हणून मला महिन्याला ४२,००० रुपये मिळतात, आणि ते दर महिन्याला वेळेवर येतात असं नाही.

प्रवास-अनुदानासाठी अर्ज केला होता. पण त्याचं उत्तर येण्याआधीच नोंदणीची शेवटची तारीख आली. शिवाय अट अशी, की आधी स्वतः खर्च करा, परत आल्यावर बोर्डिंग पास आणि बिलं जोडा, मग पैसे मिळतील. बाबा म्हणाले, "पोस्टातली एफडी मोडू." मी नको म्हटलं आणि नाव मागे घेतलं. त्यानंतर अकरा दिवसांनी अनुदान मंजूर झाल्याचा मेल आला.

या चिडचिडीत मी मेघनाद साहांबद्दल वाचायला घेतलं. माझा अर्धा प्रबंध त्यांच्या समीकरणावर उभा आहे. पण ते समीकरण जगापर्यंत पोचवण्यासाठी साहांच्या बोटीचं तिकीट कोणी काढलं, हा प्रश्न मला तोवर पडलाच नव्हता.

आधी समीकरण थोडक्यात. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकातून पाहिला की त्यात काळ्या रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा ठरलेल्या. मग एका ताऱ्यात हायड्रोजनच्या रेषा ठळक आणि दुसऱ्यात फिकट का? सरळ उत्तर असं वाटतं, की पहिल्यात हायड्रोजन जास्त असेल. साहांनी दाखवलं, की यात मोठा हात तापमानाचा आणि दाबाचा आहे. किती अणूंमधून इलेक्ट्रॉन सुटून निघालेत, हे या दोन गोष्टींवर ठरतं आणि त्याप्रमाणे रेषा ठळक किंवा फिकट होतात. म्हणजे वर्णपट हा ताऱ्याचा थर्मामीटरसुद्धा झाला.

साहांचा जन्म १८९३ चा, ढाक्याजवळच्या एका खेड्यातला. वडिलांचं किराणा दुकान. १९०५ साली बंगालच्या फाळणीच्या वेळी गव्हर्नरच्या भेटीवर बहिष्कार टाकला म्हणून शाळेतून काढलं आणि शिष्यवृत्तीही गेली. पुढे कोलकात्याच्या युनिव्हर्सिटी सायन्स कॉलेजमध्ये शिकवत असताना, १९१७ मध्ये, त्यांनी ताऱ्यांवरच्या प्रारणदाबाबद्दल एक मोठा पेपर अमेरिकेतल्या ॲस्ट्रोफिजिकल जर्नलला पाठवला. संपादकांनी कळवलं, की छापू, पण छपाईच्या खर्चाचा काही भाग तुम्ही उचला. रक्कम तीन आकडी डॉलरमध्ये जाणारी. साहांच्या पगारात ते शक्यच नव्हतं. शेवटी त्या जर्नलमध्ये एक छोटी टिपण छापून आली. मूळ पेपर नंतर कोलकाता विद्यापीठाच्याच नियतकालिकात आला आणि तो फारसा कोणी वाचला नाही.

दोन वर्षांनी मात्र गाडी रुळावर आली. १९१९ साली त्यांना प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती मिळाली. मुंबईकरांना हे नाव ओळखीचं वाटेल. फोर्टमधला राजाबाई टॉवर ज्यांच्या पैशातून उभा राहिला आणि ज्यांच्या आईच्या नावाने ओळखला जातो, ते हे कापसाचे व्यापारी. १८६५ मध्ये अमेरिकेतलं यादवी युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले आणि प्रेमचंदांची बहुतेक संपत्ती गेली. पण कोलकाता विद्यापीठाला त्यांनी दिलेले दोन लाख रुपये टिकले. अर्धशतकानंतर त्यांच्या व्याजावर ढाक्याजवळच्या एका किराणा दुकानदाराचा मुलगा लंडनला गेला. जोडीला गुरुप्रसन्न घोष यांच्या नावाची प्रवास-फेलोशिपही होती.

इथे एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. साहांनी आपली मूळ कल्पना कोलकात्यातच मांडली होती. सूर्याच्या वर्णावरणातल्या आयनीभवनावरचा त्यांचा पेपर १९२० मध्ये फिलॉसॉफिकल मॅगझिनमध्ये आला. मग प्रवास कशाला हवा होता? आजच्या भाषेत, "ऑनलाइन प्रेझेंट कर ना!" मलाही हे ऐकवलं गेलंय.

लंडनमध्ये काय झालं ते बघा. साहा इम्पीरियल कॉलेजमध्ये आल्फ्रेड फाउलर यांच्या प्रयोगशाळेत गेले. फाउलर वर्णपटशास्त्रातले जाणकार. मोजलेल्या रेषांची माहिती त्यांच्याकडे साठलेली होती आणि ती कशी वाचायची हे त्यांना ठाऊक होतं. कोलकात्यातून लिहिलेला ताऱ्यांच्या वर्गीकरणावरचा एक पेपर साहांनी तिथे काही महिने बसून पुन्हा लिहिला. नवी निरीक्षणं घातली, शीर्षक बदललं. तो १९२१ मध्ये रॉयल सोसायटीच्या प्रोसीडिंग्जमध्ये आला. फाउलरांच्या टीकेचा आणि त्यांच्याकडच्या माहितीचा उपयोग झाला, हे साहांनी नंतर स्वतः लिहिलंय. कल्पना आपलीच होती, हेही त्यांनी तितकंच ठासून सांगितलंय. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. माणूस समोर बसून "ही रेषा तुमच्या हिशोबात का बसत नाही?" असं विचारतो, तेव्हा पेपर बदलतो. स्क्रीनवरच्या पंधरा मिनिटांत आणि दोन प्रश्नांत सहसा एवढं होत नाही.

साहांचे वर्गमित्र सत्येंद्रनाथ बोस यांची गोष्ट वेगळी. १९२४ मध्ये ते ढाका विद्यापीठात शिकवत होते. त्यांनी आपला लेख थेट आइनस्टाइनना पाठवला. आइनस्टाइननी तो स्वतः जर्मनमध्ये भाषांतरित करून छापायला दिला आणि बोसना एक पोस्टकार्ड पाठवलं. परदेशी जाण्यासाठी बोसांचा रजेचा अर्ज आधीपासून पडून होता. ते कार्ड दाखवल्यावर दोन वर्षांची रजा, भत्ता, प्रवासखर्च, सगळं मंजूर झालं. जर्मन वकिलातीने व्हिसाची फीसुद्धा घेतली नाही.

ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो आणि कौतुकाची ती आहेच. पण पीएचडीच्या विद्यार्थ्याच्या नजरेने वाचली तर जरा पोटात गोळा येतो. कार्ड आलं नसतं तर तो अर्ज किती दिवस पडून राहिला असता? ज्या व्यवस्थेला हलवायला आइनस्टाइनचं कार्ड लागतं, ती बाकीच्या शंभर जणांच्या काय कामाची? साहांना मात्र कोणाच्या कार्डाची गरज पडली नाही. एका व्यापाऱ्याने देऊन ठेवलेले पैसे होते, निवडीची एक ठरलेली पद्धत होती, आणि साहांनी प्रबंध सादर करून ती शिष्यवृत्ती मिळवली.

आणखी एक गोष्ट दोघांच्याही बाबतीत सारखी. पैशाचं आधी ठरलं, मग ते बोटीत बसले. आजच्या बऱ्याच योजनांमध्ये नेमका हाच क्रम उलटा आहे. आपल्याकडे प्रवास-अनुदान मिळतच नाही असं नाही, दरवर्षी अनेकांना मिळतं. पण 'आधी भरा, नंतर घ्या' या एका अटीमुळे ते पोचतं कोणाकडे? ज्याच्या घरी दीड लाख रुपये चार-सहा महिने अडकून राहिले तरी चालतं, त्याच्याकडे. निवड गुणवत्तेवर होते, गाळणी मात्र त्यानंतर लागते, आणि अशा गळलेल्यांची नोंद कुठल्याच फाइलमध्ये नसते. माझ्या नावापुढे 'अनुदान मंजूर, लाभ घेतला नाही' असं काहीतरी लिहिलं असेल.

यावर उपाय फार मोठे नाहीत. तिकिटापुरती तरी रक्कम आगाऊ द्यावी आणि निर्णय नोंदणीच्या तारखेआधी कळवावा. विद्यार्थ्यांनी आपल्या बाजूने एवढं करावं: ॲबस्ट्रॅक्ट पाठवतानाच आयोजकांना शुल्कमाफीबद्दल विचारा, अनेक ठिकाणी ती असते, पण मागावी लागते. आणि पासपोर्ट आत्ताच काढून ठेवा.

मी पुढच्या वर्षी तोच विषय पुन्हा पाठवणार आहे. बाबांनी एफडी मोडली नाही. पण परवा फोनवर सहज म्हणाले, "ती मॅच्युअर होतेय हं, फेब्रुवारीत."