ढाका : हवामानबदल आणि नगरप्रशासन

बांगलादेशाच्या राजधानीत पूर, अतिवृष्टी आणि वाढती उष्णता यांना तोंड देणाऱ्या यंत्रणा व त्यांच्यातील अधिकारांची वाटणी. बांगलादेशात भारतासारखी घटक राज्ये नाहीत. शहराचे मोठे निर्णय थेट केंद्रीय मंत्रालयांत होतात.

पश्चिमेस तुराग, दक्षिणेस बुढीगंगा, पूर्वेस बालू अशा नद्यांच्या वेढ्यात शहर वसले आहे. 1988च्या महापुरानंतर पश्चिमेकडे मोठा बांध घातला गेला. त्याने नदीचे पाणी अडवले, पण एक नवी अडचणही उभी केली. नदी फुगली की बांधाचे दरवाजे बंद करावे लागतात आणि आत पडलेला पाऊस पंपांनीच बाहेर काढावा लागतो. 1998च्या पुरात बांधाआडच्या वस्त्यांना हे भोगावे लागले. पूर्व ढाका तर उघडाच होता.

हे पाणी एका खात्याच्या हद्दीतून दुसऱ्याच्या हद्दीत जात असे. बांध व दरवाजे जलसंपदा मंत्रालयाच्या मंडळाकडे, रस्त्याकडेची गटारे महापालिकेकडे, तर मोठ्या पर्जन्यवाहिन्या व ‘खाल’ म्हणजे नैसर्गिक ओढे ‘ढाका वासा’ या पाणीपुरवठा संस्थेकडे. रस्ते तुंबले की तिघांची बोटे एकमेकांकडे वळत. 31 डिसेंबर 2020 रोजी वासाकडील हे काम शहराच्या उत्तर व दक्षिण अशा दोन्ही महापालिकांना मिळाले. हवामानाच्या नावाने तयार झालेल्या अनेक आराखड्यांपेक्षा ढाक्याच्या दृष्टीने हा साधा फेरबदल अधिक मोलाचा आहे.

जमीनवापर व बांधकाम परवाने मात्र आजही गृहनिर्माण मंत्रालयाखालील ‘राजउक’कडे आहेत. पाणथळ जागा बुजवण्यास 2000च्या कायद्याने बंदी असूनही पूर्वेकडील सखल जमिनींवर भराव पडत राहिले. पाणी साठण्याची जागा एका कार्यालयाच्या अखत्यारीत नाहीशी होते आणि तुंबलेले पाणी उपसण्याचा भार दुसऱ्यावर पडतो. ढाक्याच्या दुखण्याचे मूळ येथे आहे.

केंद्राचे श्रेय नाकारता येत नाही. 2009ची राष्ट्रीय हवामान व्यूहनीती, स्वतःच्या अर्थसंकल्पातून उभारलेला निधी व त्यासाठीचा 2010चा विश्वस्त कायदा, 2018मध्ये संमत झालेला ‘डेल्टा आराखडा 2100’ ही कामे अनेक श्रीमंत देशांनाही धडा देणारी आहेत. परंतु निधीच्या विश्वस्त मंडळाचे अध्यक्षपद पर्यावरणमंत्र्यांकडे असते, आणि शहराला तेथे अर्जदार म्हणून उभे राहावे लागते.

खुद्द महापालिकाही केंद्राच्या मर्जीवर अवलंबून आहे. 2011मध्ये संसदेने तिचे उत्तर व दक्षिण असे दोन भाग केले. निवडणूक 2015मध्ये झाली, तोवर प्रशासकच होते. 2024च्या ऑगस्टमध्ये सत्तांतर झाले आणि अंतरिम सरकारने दोन्ही महापौरांना दूर करून पुन्हा प्रशासक नेमले. ओढ्यांची जबाबदारी मतदारांना जाब देणाऱ्या संस्थेकडे येऊन तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.