स्थलैक्य आणि साहसपट : ‘डाय हार्ड’ची वास्तू

पाश्चात्त्य नाट्यविचारात ‘संकलनत्रय’ या नावाने जी तीन बंधने रूढ झाली, त्यांतील स्थलैक्याचे बंधन ॲरिस्टॉटलच्या माथी मारण्याचा प्रघात आहे. वस्तुतः त्याच्या ‘काव्यशास्त्रा’त आग्रह आहे तो कृतीच्या एकतेचा, स्थलैक्याचा नियम घालून दिला तो १५७० साली कास्तेल्वेत्रो या इटालियन भाष्यकाराने. आपल्याकडे भरतमुनींनी अंकाला दिवसाची मर्यादा घातली, परंतु कक्ष्याविभागाची सोय करून नटाला रंगभूमीवरच चार पावले टाकून दुसऱ्या स्थळी जाण्याची मुभा दिली. चित्रपटाला तर या बंधनाचे काहीच कारण नव्हते. असे असता साहसपटाने, म्हणजे सर्वांत अधिक धावपळ करणाऱ्या चित्रपटप्रकाराने, विसाव्या शतकाच्या अखेरीस हे बंधन आपण होऊन स्वीकारावे आणि त्यातून एक संप्रदायच उभा राहावा, ही गोष्ट विचारार्ह आहे. त्या संप्रदायाचे आदिस्थान जॉन मॅक्टिअरनन दिग्दर्शित ‘डाय हार्ड’ (१९८८) या चित्रपटाकडे जाते.

एकाच स्थळी घडणारे चित्रपट त्यापूर्वी नव्हते असे नाही. हिचकॉकचा ‘लाइफबोट’ (१९४४) एका होडीत घडतो. सिडनी ल्युमेटचा ‘ट्वेल्व्ह अँग्री मेन’ (१९५७) जवळजवळ सर्वस्वी एका खोलीत. साहसकथेला अधिक जवळची परंपरा वेढ्याची होय. हॉवर्ड हॉक्सच्या ‘रिओ ब्राव्हो’त (१९५९) शेरीफ आपल्या कचेरीत अडकलेला असतो. जॉन कार्पेंटरने तीच कल्पना ‘असॉल्ट ऑन प्रीसिंक्ट थर्टीन’मध्ये (१९७६) लॉस एंजेलिसच्या एका ओस पडत चाललेल्या पोलिसठाण्यात आणली. या चित्रपटांत सज्जन आत आणि शत्रू बाहेर, अशी मांडणी असते. ‘डाय हार्ड’ने ही मांडणी उलटी केली. येथे शत्रू इमारतीच्या आत आहेत, नायकही आत आहे, आणि त्याचे साह्यकर्ते बाहेर वेढा घालून बसले आहेत. एवढेच नव्हे, तर चोरांना तो वेढा हवाच आहे. तिजोरीचे सातवे कुलूप विद्युच्चुंबकीय असून ते त्यांना फोडता येण्याजोगे नाही. दहशतवाद्यांशी गाठ आहे अशा समजुतीने सरकारी यंत्रणा आपल्या नियमपुस्तकाप्रमाणे वीज तोडील, आणि ते कुलूप आपोआप उघडेल, हा हान्स ग्रुबरचा हिशेब आहे. वेढ्याची परंपरागत कथा येथे चोराच्या हातातील हत्यार बनते. पटकथेतील ही सर्वांत बुद्धिमान युक्ती म्हणावी लागेल.

या चित्रपटाचा आधार रॉडरिक थॉर्प यांची १९७९ ची ‘नथिंग लास्ट्स फॉरेव्हर’ ही कादंबरी होय. तिचा नायक वयस्क निवृत्त पोलीस अधिकारी, इमारत एका तेलकंपनीची, आक्रमक खरोखरीचे राजकीय दहशतवादी, आणि शेवटी खलनायकाबरोबर नायकाची मुलगीही मरते. कादंबरीचे निवेदन आदिपासून अंतापर्यंत नायकाच्याच दृष्टीला बांधलेले आहे. वाचक इमारतीत नव्हे, एका मनात कोंडलेला असतो. चित्रपटाने मनाची कोंडी सोडली आणि वास्तूची कोंडी ठेवली. प्रेक्षकाला चोरांची बैठक दिसते, ओलिसांचे दालन दिसते, रस्त्यावरील पोलीस दिसतात. नायकाला यांपैकी फार थोडे कळते. उत्कंठा उपजते ती या दोन ज्ञानांमधील अंतरातून. चोर आणि नायक प्रथम समोरासमोर येतात तेव्हा ग्रुबर आपण ओलीस असल्याची बतावणी करतो; प्रेक्षकाने दोघांनाही आधी पाहिले नसते, तर त्या प्रसंगात काहीच उरले नसते.

स्थलैक्याचे खरे बळ मात्र वास्तूच्या परिचयात आहे. पत्नीच्या भेटीसाठी आलेला न्यूयॉर्कचा पोलीस जॉन मॅक्लेन तिसाव्या मजल्यावरील नाताळच्या मेजवानीत पोहोचतो, आणि गोळीबार सुरू होताच अनवाणी वर पळतो. वरचे मजले अपुरे आहेत. उघड्या तुळया, लिफ्टची विहीर, हवा खेळवण्याचे पत्र्याचे बोगदे, गच्ची, आग विझवण्याची रबरी नळी, यांपैकी प्रत्येक वस्तू प्रथम निव्वळ वस्तू म्हणून दिसते आणि मागाहून साधन बनते. मजुरांनी भिंतीवर चिकटवलेले एका स्त्रीचे चित्र तो धावता धावता पाहतो. पुढे त्याच वाटेने जाताना तेच चित्र त्याला खूण म्हणून उपयोगी पडते. खेडूत माणूस रानातील वाट ध्यानात ठेवतो, तशी ही स्मृती आहे. शरीराचेही तसेच. विमानातील सहप्रवाशाने प्रवासाचा शीण घालवण्यासाठी बूट-मोजे काढण्याचा सल्ला दिला, म्हणून नायक अनवाणी. अनवाणी, म्हणून ग्रुबर काचा फोडावयास सांगतो. आणि काचा फुटल्या, म्हणून नायकाला रक्ताळलेल्या पायांनी सरपटावे लागते. छायालेखक यान द बाँट यांचा फिरता कॅमेरा हे सर्व एका खोलीतून दुसरीत जात दाखवतो, त्यामुळे दिशा हरवत नाही. अशी कार्यकारणाची साखळी मोकळ्या मैदानात विणणे कठीण.

ही वास्तू कल्पित नव्हे, हेही ध्यानात घ्यावयास हवे. ‘नाकातोमी प्लाझा’ म्हणून दिसणारा मनोरा म्हणजे लॉस एंजेलिसच्या सेंच्युरी सिटी भागातील फॉक्स प्लाझा. तो १९८७ मध्ये पुरा झाला, आणि त्याच वर्षाअखेरीस चित्रीकरण सुरू झाले तेव्हा त्याचे काही मजले खरोखरच अपुरे होते. सेंच्युरी सिटी वसली ती ट्वेंटिएथ सेंच्युरी-फॉक्स या चित्रसंस्थेने १९६१ मध्ये आर्थिक अडचणीपायी विकलेल्या, पूर्वी चित्रीकरणासाठी वापरल्या जाणाऱ्या जमिनीवर. चित्रनगरीच्या जागी कचेऱ्यांचे मनोरे आले, आणि चित्रपटाने त्यांतल्याच एका मनोऱ्याला आपला रंगमंच केले.

मनोऱ्याचा मालक जपानी दाखवला, यालाही काळाचा संदर्भ आहे. सप्टेंबर १९८५ च्या प्लाझा करारानंतर डॉलरचा भाव सुमारे २४० येनांवरून वर्षभरात दीडशेच्या आसपास उतरला आणि अमेरिकेतील मालमत्ता जपानी भांडवलाला स्वस्त झाली. १९८९ मध्ये सोनीने कोलंबिया ही चित्रसंस्था घेतली व मित्सुबिशी इस्टेटने रॉकफेलर सेंटरमध्ये मोठा हिस्सा मिळवला. चित्रपट त्याच्या एक वर्ष आधीचा. कंपनीचा प्रमुख ताकागी याचे चरित्र ग्रुबर ओलिसांपुढे घडाघडा म्हणून दाखवतो. त्यात क्योटोतील जन्म आहे, कॅलिफोर्नियातील बालपण आहे, विद्यापीठांच्या पदव्या आहेत, आणि मध्येच १९४२-४३ मधील मांझानारचा उल्लेख आहे. मांझानार ही युद्धकाळात अमेरिकेने आपल्याच जपानी वंशाच्या रहिवाशांसाठी उभारलेली छावणी. म्हणजे हा गृहस्थ दुसऱ्यांदा बंदिवान झालेला आहे. चित्रपट त्या शब्दापाशी क्षणभरही थांबत नाही, आणि थोड्याच वेळात ताकागीला गोळी घालून मोकळा होतो.

येथून दोषांची बाजू सुरू होते. इमारतीच्या आत जो चित्रपट खिळा न् खिळा पारखून घेतो, तो बाहेरच्या जगाबद्दल विलक्षण बेफिकीर आहे. वीज तोडणारे सरकारी अधिकारी कोत्या बुद्धीचे असणे कथानकाला आवश्यक होते, हे मान्य. पोलीस उपप्रमुख रॉबिन्सन याचा मूर्खपणा मात्र कशासाठीच आवश्यक नव्हता. त्याने नायकाचे एकाकीपण वाढत नाही, फक्त प्रसंग स्वस्त होतो. दहशतवाद्यांच्या जागी चोर आणल्याने चित्रपट हलका आणि खेळकर झाला. पण त्याचबरोबर, हे लोक येथे का आले, या प्रश्नाचे उत्तर ६४ कोटी डॉलरांच्या रोख्यांपुरतेच उरले. मॅक्लेनची पत्नी कर्तबगार अधिकारी म्हणून येते. ती ओलिसांच्या वतीने ग्रुबरशी धिटाईने बोलते, परंतु अखेरीस तिच्या कर्तृत्वाची खूण असलेले कंपनीचे घड्याळ मनगटावरून सुटते, तेव्हाच तिचा जीव वाचतो. ही योजना रचनेच्या दृष्टीने चोख आहे, आणि म्हणूनच तिच्यातील सूचितार्थ अधिक खटकतो.

सर्वांत गंभीर आक्षेप सार्जंट पॉवेलच्या कथेबाबत घ्यावा लागतो. बिनतारी यंत्रावरून नायकाला धीर देणारा हा पोलीस एका रात्री तेरा वर्षांच्या मुलाच्या हातातील खेळणे खरे पिस्तूल समजून त्याच्यावर गोळी झाडून बसला आहे, आणि तेव्हापासून त्याला शस्त्र उगारवत नाही. चित्रपटाच्या अंती तो पुन्हा पिस्तूल चालवतो, एकाला ठार करतो, आणि संगीत त्याला बरा झालेला ठरवते. गेलेल्या मुलाचा विषय पुन्हा निघत नाही. बंद वास्तूचा न्याय बाहेरच्या रस्त्याला लावला की काय होते, याचा हा नमुना होय.

बारीक दोषांत एक बोलका आहे. चोरांच्या पलायनासाठी मालमोटारीतून रुग्णवाहिका बाहेर पडते. आरंभी तीच मालमोटार येते तेव्हा तिच्यात माणसे उभी दिसतात, रुग्णवाहिका नाही. कथेचा हा शेवट चित्रीकरण चालू असताना ठरत गेला. दुसऱ्या एखाद्या साहसपटात ही चूक कोणी मनावर घेतली नसती; पण जो चित्रपट प्रेक्षकाला प्रत्येक वस्तू ध्यानात ठेवण्याची सवय लावतो, त्याला ती माफ होत नाही.

पुढील दशकात या चित्रपटाच्या नकला युद्धनौकेवर (‘अंडर सीज’, १९९२), बसमध्ये (खुद्द द बाँट यांचा ‘स्पीड’, १९९४), राष्ट्राध्यक्षांच्या विमानात (‘एअर फोर्स वन’, १९९७) झाल्या. बहुतेकांनी स्थळ बदलले, परिचयाची पद्धत उचलली नाही. ‘स्पीड’चा बसमधील भाग याला सन्माननीय अपवाद आहे. मॅक्टिअरनन यांनी मालिकेचा तिसरा चित्रपट (१९९५) केला तेव्हा वास्तू सोडून सबंध न्यूयॉर्क शहर घेतले. ‘ड्रेड’मध्ये (२०१२) दोनशे मजली मनोरा आहे, पण प्रेक्षकाची ओळख त्यांतील मोजक्याच जागांशी होते. गॅरेथ एव्हान्स यांच्या इंडोनेशियातील ‘द रेड’मध्येही (२०११) मजले बरेचसे एकमेकांसारखे, त्यातील पेंचक सिलात पद्धतीची झुंज कोणत्याही बोळात चालली असती. अपवाद एका प्रसंगाचा. जखमी सहकाऱ्यासह नायक एका भाडेकरूच्या घरातील पोकळ भिंतीत दडतो. शोध घेणारे बाहेरून भिंतीत कोयता खुपसतात. पाते गालाला चिरून जाते, आणि ते मागे ओढले जात असता नायक त्यावरचे रक्त पुसून घेतो. तेवढ्या क्षणापुरती त्या भिंतीची जाडी प्रेक्षकाला इंचाइंचाने ठाऊक असते.