काटकसरीचा हिशेब : मुंबईतील गिरणी कामगारांच्या घरखर्चाचे अर्थकारण (१९२१–१९८२)

प्रस्तावना

काटकसर हा मराठी मध्यमवर्गाने विशेष जपलेला सद्गुण होय. लक्ष्मीबाई धुरंधर यांचा ‘गृहिणी-मित्र’ हा पाकशास्त्रावरील ग्रंथ १९१० मध्ये प्रसिद्ध झाला, ‘स्त्री’ मासिक १९३० मध्ये सुरू झाले आणि गृहिणीला उद्देशून केलेले लेखन हा मराठी वाङ्मयातील एक स्वतंत्र प्रवाह बनला. जमाखर्चाची वही, महिन्याचे वाणसामान एकदम भरणे, उरलेल्या अन्नाचा दुसऱ्या दिवशी उपयोग आणि पोस्टातील बचत ही सुगृहिणीची लक्षणे मानली गेली. याच काळात, याच शहरात, परळ-लालबागच्या चाळींत राहणाऱ्या गिरणी कामगाराचे वर्णन मात्र ‘उधळ्या’, ‘व्यसनी’, ‘उद्याची फिकीर नसलेला’ असे केले जात होते. गिरणीमालकांच्या युक्तिवादात तर हे वर्णन वेतनवाढीविरुद्धचे प्रमाण म्हणून वापरले गेले. वेतन वाढविले तर कामगार ते दारूत घालवील अथवा कामावर कमी दिवस येईल, असा तो युक्तिवाद होता.

प्रस्तुत लेखात या वर्णनाची तपासणी केली आहे. गिरणी कामगाराच्या घरात काटकसर नव्हती असे नाही. ती वहीत मावणारी नव्हती. ती एका व्यक्तीची नसून अनेकांची मिळून होती आणि तिचा मोठा भार स्त्रियांवर होता. त्याहूनही महत्त्वाची गोष्ट म्हणजे, नाइलाजाने केलेली ही काटकसर सरकारी पाहणीत ‘नेहमीचा खर्च’ म्हणून नोंदली गेली आणि पुढे महागाई भत्त्याच्या गणिताचा पाया ठरली.

१९२१-२२ ची पाहणी

मुंबई सरकारने १९२१ मध्ये लेबर ऑफिसची स्थापना केली. त्याचे संचालक जी. फिंडले शिरास यांच्या मार्गदर्शनाखाली मे १९२१ ते एप्रिल १९२२ या काळात कामगारांच्या घरखर्चाची पाहणी झाली व तिचा अहवाल १९२३ मध्ये प्रसिद्ध झाला. २,४७३ कुटुंबे आणि ६०३ एकट्या पुरुषांचे जमाखर्च या पाहणीत तपासले गेले. कुटुंबाचे सरासरी मासिक उत्पन्न ५२ रुपये ४ आणे ६ पै इतके आढळले. एकूण खर्चापैकी ५६.८ टक्के अन्नावर, ९.६ टक्के कपड्यांवर, ७.७ टक्के घरभाड्यावर, ७.४ टक्के सरपण व दिवाबत्तीवर आणि उरलेला १८.५ टक्के संकीर्ण बाबींवर होत असे. ९७ टक्के कुटुंबे एकाच खोलीत राहत होती आणि ४७ टक्के कुटुंबे कर्जबाजारी होती.

या अहवालातील एक तुलना पुढे फार गाजली. कामगारांच्या आहारातील धान्याचे प्रमाण दुष्काळ संहितेतील कमाल प्रमाणाइतके असले, तरी ते मुंबईच्या तुरुंग नियमावलीत कैद्यांसाठी ठरवून दिलेल्या प्रमाणापेक्षा कमी आहे, असे अहवालाने नमूद केले. हे विधान सरकारी अधिकाऱ्याने सरकारी अहवालात केले होते, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. ज्या कुटुंबाच्या ताटात कैद्याइतकेही धान्य पडत नाही, त्याला उधळपट्टी करण्यास वाव तरी कोठे होता? संकीर्ण खर्चाच्या १८.५ टक्क्यांकडे बोट दाखवून विडी-दारूची चर्चा करणाऱ्यांनी अन्नाच्या आकड्यासमोरची ही टीप क्वचितच वाचली असावी.

वेतनाचे वेळापत्रक आणि उधारी

कामगाराच्या हिशेबाचे मूळ वेतनाच्या रकमेइतकेच ते हाती पडण्याच्या दिवसात होते. मुंबईच्या गिरण्यांत पगार मासिक असे आणि तो पुढील महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात किंवा त्यानंतर मिळे. महिन्याच्या पहिल्या तारखेला नव्याने लागलेल्या माणसाला अशा रीतीने सुमारे सहा आठवडे एक पैही दिसत नसे. या काळात तो जेवत काय होता, याचे उत्तर ‘उधारीवर’ असेच आहे. १९३६ च्या वेतन प्रदान कायद्याने हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यांना सात दिवसांची आणि इतरांना दहा दिवसांची मुदत घालून दिली. मुंबईच्या मोठ्या गिरण्या अर्थातच दुसऱ्या वर्गात मोडत होत्या.

ही मधली पोकळी वाणी, जॉबर, मारवाडी आणि पठाण यांनी भरून काढली. दरमहा रुपयामागे एक आणा हा व्याजाचा दर प्रचलित होता. ऐकताना तो किरकोळ वाटतो, पण वर्षाला तो ७५ टक्के होतो. १९२९ मध्ये नेमलेल्या आणि १९३१ मध्ये अहवाल सादर करणाऱ्या व्हिटली आयोगाने बहुतेक औद्योगिक केंद्रांतील किमान दोनतृतीयांश कामगार कुटुंबे वा व्यक्ती कर्जात असल्याचे म्हटले आहे. महिन्याचे सामान एकदम व घाऊक भरावे, हा मध्यमवर्गीय गृहिणीचा नियम या घरात लागू पडत नव्हता. रोख रक्कम हाती नसल्याने वाण्याकडून थोडे थोडे, महाग आणि बहुधा हलक्या प्रतीचे धान्य घ्यावे लागे. दुसऱ्या दुकानी ते स्वस्त मिळाले तरी उपयोग नसे, कारण खाते पहिल्याच दुकानी असे. गरिबाला प्रत्येक वस्तू महाग पडते ती या रीतीने.

जागा, गाव आणि भिशी

उत्पन्न वाढवता येत नसेल तेव्हा खर्च वाटून घेणे, हे या काटकसरीचे मुख्य तत्त्व होते. रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर, पुणे, अहमदनगर या जिल्ह्यांतून आलेली माणसे गावाच्या अथवा भावकीच्या नात्याने एकत्र खोली घेत. १९२० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी येथे २०७ चाळी बांधल्या. त्यांतील एकेक खोली सुमारे १६० चौरस फुटांची होती. अशा खोलीत बायका-मुले आत, पुरुष व्हरांड्यात किंवा फुटपाथवर, अशी झोपण्याची व्यवस्था असे. पाळ्या वाढल्यावर एकाच वळकटीवर दिवसपाळीचा आणि रातपाळीचा माणूस आलटून पालटून झोपू लागला. जुन्या लुगड्यांच्या वाकळी, शेगडीत जाळायचा लाकडाचा भुसा, पावसाळ्यासाठी साठवलेली सुकट आणि बोंबील ही या संसाराची ओळखीची साधने होती. त्यांचे रसभरीत वर्णन करण्याचा मोह अलीकडच्या स्मरणपर लेखनात दिसतो. तो टाळलेला बरा.

गाव हा या जमाखर्चातील न दिसणारा रकाना होता. १८८० मध्ये सुरू झालेल्या टपाल खात्याच्या मनीऑर्डरने मुंबईचा पैसा कोकणात व घाटावर जाई, हे सर्वज्ञात आहे. उलट दिशेने येणाऱ्या गोष्टींची चर्चा त्या मानाने कमी होते. तांदूळ, कुळीथ, आमसुले, ज्वारी-बाजरी हे पदार्थ तर येतच. परंतु बाळंतपण, दीर्घ आजार, बेकारी आणि म्हातारपण यांचा खर्चही गावच उचलत असे. गरोदर पत्नीला गावी पाठविणे हा रिवाज होता, तसाच तो हिशेबही होता. गिरणीला निवृत्तिवेतन द्यावे लागले नाही, याचे एक कारण गावाकडचा अर्धा एकर होय. राजनारायण चंदावरकर यांनी १९९४ च्या आपल्या ग्रंथात गाव आणि शेजार यांच्याशी असलेले कामगाराचे हे संबंध तपशिलाने मांडले आहेत. त्यानंतर त्याला ‘अर्धवट शेतकरी’ म्हणून बाजूला सारणे कठीण झाले आहे.

बँक नसलेल्या या वस्तीत बचतीचे काम भिशीने केले. दहा-बारा जणांनी दरमहा ठरावीक रक्कम जमवावी आणि चिठ्ठी टाकून अथवा बोली लावून ती एकाने उचलावी, अशी तिची साधी रचना होती. पोस्टाची बचत बँक १८८२ पासून उपलब्ध होती, मग ती का वापरली जाऊ नये, असा प्रश्न सुधारकांना पडे. पोस्टात टाकलेला पैसा अडचणीत लगेच काढला जातो, भिशीतला काढता येत नाही. आणि हप्ता चुकविणाऱ्याला रोज त्याच जिन्यावरून चढावे लागते. भिशीची शिस्त चाळीच्या जिन्याची होती. ना. म. जोशी यांनी १९११ मध्ये स्थापन केलेल्या सोशल सर्व्हिस लीगने सहकारी पतसंस्थांचा प्रयोग याच वस्तीत केला. तो स्तुत्य होता, तथापि सावकाराची जागा तो घेऊ शकला नाही. ‘भिशी’ हा शब्द एकत्र जेवणाऱ्यांच्या सामायिक भोजनव्यवस्थेसाठीही वापरला जात असे. पैसा आणि अन्न, दोन्ही एकत्र करण्याला एकच नाव असावे हे उचितच होते.

खाणावळवाली

एकट्या पुरुष कामगाराच्या काटकसरीचा खरा आधार खाणावळ हा होता. महिन्याच्या कराराने दोन वेळचे जेवण, डबा आणि पुष्कळदा ट्रंक ठेवण्यापुरती जागा त्याला तेथे मिळे. १९२० च्या दशकात मुंबईच्या कापड गिरण्यांत सुमारे पाचवा हिस्सा स्त्रिया होत्या. पुढील दशकांत यंत्रांची सुधारणा आणि रातपाळीवरील बंदी यांमुळे त्यांचे प्रमाण सतत घटत गेले. गिरणीबाहेर पडलेल्या, विधवा झालेल्या, नवऱ्याचा पगार पुरत नसलेल्या अनेक स्त्रियांनी दहा-पंधरा माणसांचा स्वयंपाक हाच व्यवसाय केला.

तिच्या हिशेबाकडे बारकाईने पाहणे आवश्यक आहे. ती वाण्याकडून धान्य उधार आणी, महिनाभर शिजवून घाली आणि पगाराच्या दिवशी पैसे घेई. म्हणजे कामगाराला सुमारे महिन्याचे कर्ज ती बिनव्याजी देत असे आणि स्वतः मात्र वाण्याला चढा भाव किंवा सावकाराला व्याज देत असे. गिरणीने उशिरा दिलेल्या पगाराची किंमत अशा रीतीने शेवटी तिच्या चुलीपाशी येऊन पोहोचे. पहाटेपासून रात्रीपर्यंतच्या तिच्या श्रमाला खाणावळीच्या दरात फारसे स्थान नव्हते. तसे ते असते तर कामगाराला ते जेवण परवडलेच नसते.

काटकसरीतून ‘गरजे’कडे

१९३२-३३ मध्ये लेबर ऑफिसने पुन्हा घरखर्चाची पाहणी केली. तिच्या आधारे जुलै १९३३ ते जून १९३४ हे वर्ष पायाभूत धरून मुंबईच्या कामगारवर्गाचा राहणीखर्चाचा निर्देशांक तयार झाला. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भाव भडकले, मे १९४३ मध्ये मुंबईत शिधावाटप सुरू झाले आणि महागाई भत्ता या निर्देशांकाशी जोडला गेला. ही कामगार चळवळीची महत्त्वाची मिळकत होती, यात शंका नाही.

परंतु या मिळकतीत एक पेच दडलेला होता. निर्देशांकातील वस्तूंचा भार कुटुंबे प्रत्यक्ष काय खर्च करतात यावरून ठरतो, त्यांना काय हवे आहे यावरून नव्हे. दोन कुटुंबांनी एक खोली वाटून घेतली की भाडे निम्मे होते आणि पाहणीत ते निम्मेच नोंदले जाते. मुलांसाठी दूध घेतले नाही, तर दुधाचा भार घटतो. खाणावळवालीचे श्रम दरात नाहीत, म्हणून हिशेबातही नाहीत. मंदीच्या वर्षांत पोटाला चिमटा काढून केलेला खर्च अशा रीतीने संख्याशास्त्रीय प्रमाण बनला आणि तीस वर्षे टिकला. जो जितकी अधिक काटकसर करील, त्याची गरज तितकी कमी ठरेल, असे हे गणित होते. ते कोणी कट करून रचले नव्हते. पाहणीची पद्धतच तशी होती. म्हणूनच त्याकडे फारसे लक्ष गेले नाही.

लक्ष गेले ते १९६३ मध्ये. निर्देशांक प्रत्यक्ष भाववाढीच्या मागे राहतो, ही तक्रार घेऊन त्या वर्षी ऑगस्टमध्ये मुंबईत बंद पाळला गेला. राज्य सरकारने अर्थशास्त्रज्ञ डी. टी. लकडावाला यांच्या अध्यक्षतेखाली तज्ज्ञ समिती नेमली आणि तक्रारीत तथ्य असल्याचे समितीच्या कामातून पुढे आले. घरातील बाईला बाजारात रोज जाणवणारी गोष्ट सिद्ध होण्यासाठी संप, बंद आणि समिती असा लांबचा प्रवास करावा लागला.

या बाईचा स्वतःचा आवाज सार्वजनिक जीवनात उमटला तो १९७२ मध्ये. दुष्काळ आणि भाववाढीच्या त्या वर्षी मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर आदींच्या नेतृत्वाखाली महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती स्थापन झाली आणि लाटणे हाती घेतलेल्या स्त्रियांचे मोर्चे निघाले. काटकसरीला मर्यादा असते, हे या मोर्चांनी सरकारदरबारी सांगितले. त्यानंतर १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन करून खाणावळवाल्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून देण्याचे काम हाती घेतले. कागदोपत्री तारण काहीच नसलेल्या या स्त्रियांपाशी अनेक वर्षांच्या उधारीचा चोख व्यवहार होता. तो पतीचा पुरावा म्हणून मान्य होण्यास बँकांच्या राष्ट्रीयीकरणानंतरही सहा वर्षे जावी लागली.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगारांचा संप सुरू झाला, तेव्हा वर वर्णिलेली सारी यंत्रणा एकाच वेळी पणाला लागली. भिशीचे हप्ते थांबले, वाण्याची खाती वाढत गेली, घरातले दागिने आणि भांडी गहाण पडली आणि हजारो कामगार गावी परतले. त्या अर्ध्या एकराने पुन्हा एकदा भार उचलला. खाणावळवालीला मात्र जाण्यासाठी गाव असेलच असे नव्हते. तिची येणी गावी गेलेल्या माणसांकडे होती आणि देणी शेजारच्या दुकानात. संप अधिकृतपणे कधीच मागे घेतला गेला नाही. अनेक कामगार कामावर परतलेच नाहीत. त्यामुळे पगाराच्या दिवशी मिटायची ती खाती तशीच उघडी राहिली.