संगतकाराचा इतिहास : अर्मांदो पेराझा आणि लॅटिन रॉक

कलांचा इतिहास लिहिताना आपण बहुधा नावांच्या आधाराने चालतो. युगप्रवर्तक कवी, पहिली कादंबरी, क्रांतिकारक नाटक असे टप्पे पाडले की कालखंड आखता येतो आणि अध्यापनाचीही सोय होते. पण या सोयीची एक किंमत असते. जे प्रवर्तक नव्हते, केवळ 'सोबत' होते, ते या आखणीतून गळतात. आपल्याकडे लावणीच्या इतिहासात शाहिरांची नावे सापडतात, ढोलकीवाल्यांची क्वचितच. वास्तविक लावणीचा घाट जितका शब्दांनी तितकाच त्या थापेने घडवलेला आहे. संगतकाराला केंद्रस्थानी ठेवून एखाद्या कलाप्रकाराचा इतिहास मांडला, तर त्याची कालरेषा कशी बदलते, हे आम्हांला येथे तपासायचे आहे. त्यासाठी आम्ही उदाहरण घेतले आहे ते लॅटिन रॉक या संगीतप्रकाराचे आणि अर्मांदो पेराझा या क्यूबन तालवादकाचे.

लॅटिन रॉकची रूढ जन्मकथा अशी आहे : १६ ऑगस्ट १९६९ रोजी वूडस्टॉकच्या महोत्सवात कार्लोस सान्ताना या बावीस वर्षांच्या मेक्सिकन गिटारवादकाचा संच मंचावर आला, त्याच महिन्यात त्यांची पहिली तबकडी निघाली, आणि इलेक्ट्रिक गिटार व क्यूबन ढोल यांच्या संयोगातून एक नवे संगीत अवतरले. ही कथा खोटी नाही. मात्र त्या आरंभीच्या वर्षांत गाजलेल्या तीन रचनांची कुळकथा पाहिली की तिचा अपुरेपणा जाणवतो. 'जिंगो' ही रचना नायजेरियाच्या बाबातुंडे ओलातुंजी या ढोलवादकाची. 'ईव्हिल वेज' हे सनी हेन्री याने रचलेले गाणे १९६७ साली विली बोबोने ध्वनिमुद्रित केले होते, बोबो टिंबालेवादक. आणि १९७० सालच्या 'ॲब्राक्सस'मधील 'ओये कोमो व्हा' हे तितो पुएन्ते याने १९६२ साली ध्वनिमुद्रित केलेले. पुएन्ते हाही टिंबालेवादकच. गिटारवादकाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या संचाची पहिली पुंजी अशी तीन तालवादकांच्या पोतडीतून आलेली होती. तेव्हा या संगीताचा आरंभ गिटारपाशी शोधावा की ढोलापाशी, हा प्रश्न आपोआपच उभा राहतो.

ढोलापाशी शोधायचा झाल्यास बरेच मागे जावे लागते. १७३९ साली दक्षिण कॅरोलिनात स्टोनो येथे गुलामांचे बंड झाले. बंडखोर ढोल वाजवत माणसे गोळा करीत होते. पुढच्याच वर्षी तिथल्या कायद्याने गुलामांना ढोल बाळगण्यास मनाई केली. उत्तर अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या संगीतातून हाताने वाजवायचा ढोल बहुतांशी नाहीसा झाला, त्याच्या अनेक कारणांपैकी हे एक. क्यूबातही गुलामगिरी होती, ती १८८६पर्यंत टिकली. पण तिथे आफ्रिकी समूहांना धर्मोत्सवांच्या व मंडळांच्या आडोशाने आपापले ढोल राखता आले. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात तिथल्या अधिकाऱ्यांनीही वेळोवेळी या वाद्यांवर बंदी आणली, तरी परंपरा तुटली नाही. काँगो खोऱ्यातून आलेल्या स्मृतीतून काँगा घडला. पूर्व क्यूबात बोंगोची जोडी तयार झाली. एका किनाऱ्यावर हिरावून घेतलेला ढोल दुसऱ्या किनाऱ्यावर जिवंत होता. तो पुन्हा उत्तरेकडे कसा आला, हीच पेराझाच्या आयुष्याची कथा आहे.

पेराझाचा जन्म १९२४ साली हवानात झाला. बालपणीच आईबाप गेले आणि तो रस्त्यावर वाढला. भाजी विकणे, मुष्टियुद्ध, बेसबॉल असे करीत त्याने दिवस काढले. संगीतात तो आला तोही बेसबॉलच्या मैदानावरून. सतराव्या वर्षाच्या सुमारास त्याला कळले की, आपल्याच चमूतल्या एका खेळाडूचा भाऊ, आल्बेर्तो रुईस, हा आपल्या 'कुबाव्हाना' या वाद्यवृंदासाठी काँगावादक शोधतो आहे. औपचारिक शिक्षण काहीही नसताना त्याने हात बसवला आणि ती जागा मिळवली. वस्तीतल्या रुंबाचा ध्वनी कानात साठवत वाढलेल्या मुलाला 'अशिक्षित' म्हणावे का, हा प्रश्न मौखिक परंपरांचा अभ्यास करणाऱ्यांनी तरी जरूर विचारावा.

१९४०च्या दशकाच्या उत्तरार्धात मोंगो सांतामारिया या मित्रासह पेराझा मेक्सिकोमार्गे न्यूयॉर्कला पोचला. तिथे नुकताच एक मोठा बदल घडला होता. चानो पोझो या हवानाच्याच ढोलवादकाने १९४७ साली डिझी गिलेस्पीच्या जॅझवृंदात काँगा आणला होता. पण वर्षभरातच, २ डिसेंबर १९४८ रोजी, हार्लेममधील एका मद्यालयात पोझोची हत्या झाली. त्याने उघडलेल्या दारातून आत जाणाऱ्यांत पेराझा होता. माचितोच्या वृंदात त्याने वाजवले, चार्ली पार्करसोबत ध्वनिमुद्रण केले, आणि पुढे स्लिम गेलार्डबरोबर तो सॅन फ्रान्सिस्कोस आला. या शहराशी जुळलेले त्याचे नाते अखेरपर्यंत टिकले.

येथे वाद्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण पेराझाचे कर्तृत्व त्याच्या हातांत आहे. बोंगो म्हणजे जोडलेले दोन छोटे ढोल; वादक बसून ते गुडघ्यांमध्ये धरतो. मोठ्याला मादी आणि लहानाला नर म्हणतात. काँगा उंच आणि पिंपासारखा असतो. खुली थाप, दाबलेली थाप, तळव्याचा खोल नाद आणि बोटांचा चाबकासारखा फटका यांतून त्याची भाषा बनते. या साऱ्यांच्या मुळाशी 'क्लावे' नावाची लयाकृती असते. तिचे पाच आघात दोन भागांत विभागलेले असतात, एकात तीन आणि दुसऱ्यात दोन. आपल्या तालाप्रमाणे तीही आवर्तनाने फिरते, पण तिच्यात समेसारखे सर्वांनी येऊन मिळण्याचे ठिकाण नसते. दोन्ही भागांत भरी-खालीसारखा ताण असतो, आणि गाण्याने एकदा जी दिशा धरली ती वादकाला उलटवता येत नाही. अनेकदा क्लावे प्रत्यक्ष वाजतही नाही. सर्वांनी ती मनात धरलेली असते. रॉकची मांडणी याहून सरळ आहे. चार मात्रांपैकी दुसरी आणि चौथी ठळक आघाताने अधोरेखित करीत ती पुढे जाते. या दोन लयदृष्टींना एकमेकींत वाव करून देणे हे लॅटिन रॉकमधील तालवादकाचे खरे काम. नुसती भर घालायची तर कोणताही ढोल चालतो. पण मोकळ्या जागा ओळखून बोलायचे, तर दोन्ही भाषा याव्या लागतात.

पेराझाने दुसरी भाषा आत्मसात केली ती जॉर्ज शिअरिंगच्या संचात. जन्मांध असलेल्या या इंग्रज पियानोवादकाकडे तो १९५४पासून सुमारे दशकभर होता. शिअरिंगचे संगीत मृदू, आखीव आणि बैठकीतले. त्यात बोंगो वाजवायचा म्हणजे आवाज आवरायला शिकणे आले. पेराझाने ते साधले आणि शिअरिंगसाठी स्वतः रचनाही केल्या. ही वर्षे अमेरिकेतील वंशभेदाची होती. १९६४च्या नागरी हक्क कायद्यापूर्वी दक्षिणेकडील राज्यांत गोऱ्या-काळ्यांचा मिश्र संच घेऊन फिरणे सोपे नव्हते. मंचावर ज्याच्या ढोलाला टाळ्या पडत, त्याला उपाहारगृहात जागा नाकारण्याची मुभा त्या काळी कायद्यानेच दिलेली होती.

त्यानंतर तो सॅन फ्रान्सिस्को परिसरातच वाढलेल्या कॅल जेडर या व्हायब्राफोनवादकाकडे गेला. जेडरची 'सोल सॉस' ही तबकडी १९६५ साली निघाली. तिची शीर्षकरचना मुळात चानो पोझो आणि गिलेस्पी यांची होती आणि तिच्यात पेराझा व विली बोबो दोघेही आहेत. म्हणजे मृत पोझोची रचना, तिच्यावर पेराझाचा हात आणि शेजारी तोच बोबो, ज्याचे 'ईव्हिल वेज' पुढे सान्तानाने उचलले. हे सारे वूडस्टॉकच्या चार वर्षे आधीचे. १९६८ साली पेराझाने 'वाइल्ड थिंग' ही स्वतःच्या नावाची तबकडी 'स्काय' या कंपनीसाठी केली. कंपनीच्या संस्थापकांत जेडर होता, तसाच गिटारवादक गाबोर साबोही होता. त्याची 'जिप्सी क्वीन' ही रचना 'ॲब्राक्सस'मध्ये आली आहे. ज्याला आपण आकस्मिक संयोग म्हणतो, त्याचे धागे असे आधीपासून विणले जात होते.

सान्तानाच्या संचातले आरंभीचे तालवादक होते मायकेल काराबेयो आणि निकाराग्वाचा होसे 'चेपितो' आरेआस. १९७१च्या आरंभी मेंदूतील रक्तस्रावाने आरेआस अंथरुणाला खिळला. त्या मार्च महिन्यात घानातील आक्रा येथे 'सोल टू सोल' हा संगीतसोहळा होता. तिथे आरेआसच्या जागी विली बोबोने टिंबाले वाजवले. अटलांटिक ओलांडून आलेला ताल रॉकच्या ध्वनिवर्धकांतून आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परतला, तेव्हा त्याला साथ होती ती अशा ज्येष्ठ वादकाची. पुढच्याच वर्षी 'काराव्हान्सराय' या तबकडीत पेराझाचा बोंगो ऐकू आला आणि त्यानंतर तो सान्तानाच्या संचात स्थिरावला. तेव्हा तो अठ्ठेचाळीस वर्षांचा होता आणि संचाचा नायक पंचवीसचा. १९७३ साली जपानमध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या 'लोटस'मध्ये, तसेच श्री चिन्मय या बंगाली गुरूंच्या प्रभावाखाली सान्ताना आणि जॉन मॅकलॉफ्लिन यांनी केलेल्या 'लव्ह डिव्होशन सरेंडर'मध्येही तो आहे. दोन शिष्य गिटारवर अध्यात्म शोधत असताना त्यांच्या पायांखाली जमीन धरून ठेवणारा काँगा हवानाचा होता.

१९९०पर्यंत, सुमारे अठरा वर्षे, तो या संचात राहिला. १९७६च्या 'आमिगोस'मधील 'गितानो' ही त्याची रचना, आणि तिच्यात गळाही त्याचाच. १९८७ साली, नेल्सन मंडेला अद्याप तुरुंगात असताना, 'फ्रीडम'मध्ये त्याने 'मंडेला' नावाची रचना दिली. हवानाच्या रस्त्यावर वाढलेल्या, वंशभेदाची अमेरिका पाहिलेल्या त्या आफ्रो-क्यूबन माणसाने आपल्या परीने मांडलेले ते भाष्य होते. ऐंशीच्या दशकात राउल रेको व ओरेस्तेस विलातो यांच्यासह त्याचे त्रिकूट या संचाचा कणा बनले. १९८५च्या 'लाइव्ह एड'मध्ये एकसष्ट वर्षांचा पेराझा याच त्रिकुटात वाजवताना दिसतो.

१९९८ साली सान्ताना संचाला 'रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम'मध्ये स्थान मिळाले, तेव्हा सन्मानितांत वूडस्टॉककालीन सहा जणांचीच नावे होती. पेराझा त्यांत नव्हता. त्यात कोणाचा दुष्टावा होता असे आम्ही म्हणत नाही. संस्थेने आरंभबिंदू १९६९ मानला आणि त्याला धरून यादी केली. मुद्दा नेमका हाच आहे. आरंभ कोठे मानायचा हे एकदा ठरले की कोण गळणार हेही ठरते. १४ एप्रिल २०१४ रोजी, एकोणनव्वदाव्या वर्षी, पेराझाचे निधन झाले.

पेराझाला मूळ प्रवर्तक ठरवून सान्तानाच्या जागी बसवावे, असा आमचा आग्रह नाही. तसे करणे म्हणजे तोच नायककेंद्री इतिहास नाव बदलून पुन्हा लिहिणे होय. संगतकाराची कारकीर्द आपल्याला दुसरी गोष्ट शिकवते : शैली एका रात्रीत जन्मत नाहीत, त्या माणसांच्या हातांतून एका संचातून दुसऱ्या संचात जातात. वाङ्मयाच्या अभ्यासकाला हे परके वाटू नये. अनुवादक, संपादक, लिपिक, कीर्तनकार यांच्याविना एकही परंपरा पुढे सरकलेली नाही; आणि तरी 'पहिला कोण' हा प्रश्न आपण जितक्या हिरिरीने विचारतो तितक्या हिरिरीने 'पोचवले कोणी' हा विचारत नाही. वर्गात एखाद्या साहित्यप्रकाराचा उगम शिकवताना हा दुसरा प्रश्न फळ्यावर लिहून पाहावा. उत्तरे लांबतील आणि कालखंडांच्या सीमारेषा पुसट होतील. पण मुखपृष्ठामागच्या माणसांकडे जाण्याचा दुसरा मार्ग आम्हांला तरी दिसत नाही.